गर्भाला सरासरी पोचत नाही



ज्या डॉक्टरीणबाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्यांच्या हातून या गावातल्या दोन पिढ्या जन्माला आल्या. समोर बसलेल्यांपैकी कितीजण त्यांच्या हातावर पहिल्यांदा रडले, हे मी हात वर करायला सांगून विचारत नाही. पहिल्या दोन रांगांत तरी बरेच असावेत. त्यांच्याविषयी बोलायला माझ्यापेक्षा अधिकारी माणसं इथे आहेत. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशंटशी भेट कमी आणि पेशंटच्या रक्ताशी गाठ जास्त, अशी डॉक्टर. संयोजकांनी ‘विषय तुम्हीच ठरवा’ म्हटल्यावर मी माझ्या टेबलावरचाच विषय उचलला: गरोदरपणातला मधुमेह, आणि तो रक्तात कसा वाचायचा.

लॅबच्या काउंटरवर नेहमी ऐकू येणारं एक वाक्य सांगते. गरोदर मुलगी आलेली असते, सोबत सासू किंवा आई. चिठ्ठीवर जेवणानंतरची शुगर लिहिलेली असते. सोबतची बाई म्हणते, “मॅडम, पोरीला सारखी सारखी सुई कशाला टोचायची? ती तीन महिन्यांची शुगर असते ना, ती एकदाच काढा, म्हणजे विषय संपला.” तिचं बोलणं बिनबुडाचं नाही बरं का. तिच्या स्वतःच्या मधुमेहासाठी तिचे डॉक्टर तीच तपासणी सांगतात, आणि बरोबरच सांगतात. मग पोटात बाळ असलं की तीच तपासणी एकाएकी कमअस्सल कशी होते?

उत्तर आधीच देऊन टाकते, मग त्याची फोड करते. गर्भाला सरासरी पोचत नाही. त्याला पोचते ती त्या त्या घटकेची साखर.

हे कळायला वैद्यकाला बराच काळ लागला. १८२४ साली बर्लिनमध्ये हाइनरिख बेनेविट्झ नावाच्या तरुण डॉक्टराने आपल्या प्रबंधात एका गरोदर बाईची हकीकत लिहून ठेवली. तिचं पाचवं बाळंतपण. तहान भागेना, लघवीत साखर. बाळ बारा पौंडांचं, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोचं, आणि ते जगलं नाही. आई बाळंत झाली आणि तिची साखर नाहीशी झाली. बेनेविट्झने निष्कर्ष काढला की हा मधुमेह गरोदरपणाचंच एक लक्षण असावा. दोनशे वर्षांपूर्वी, हाताशी धड तपासणी नसताना, माणूस किती जवळ पोचला होता पाहा! बाळ एवढं मोठं का झालं, हे मात्र त्याला सांगता आलं नाही.

पुढे १९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं आणि मधुमेही आया जगू लागल्या. बाळं मात्र जातच होती. बॉस्टनच्या जॉस्लिन क्लिनिकमध्ये प्रिसिला व्हाइट या डॉक्टरने सगळी कारकीर्द याच बायकांच्या बाळांसाठी घालवली. पण ‘का’ या प्रश्नाचं नीट उत्तर दिलं ते कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी, १९५२ साली. त्यांचं म्हणणं आजही कुणालाही तीन वाक्यांत सांगता येतं. आईच्या रक्तातली साखर वार ओलांडून बाळाकडे जाते. आईचं इन्सुलिन मात्र वार ओलांडत नाही. म्हणून आलेली जादा साखर मार्गी लावायला बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड इन्सुलिन ओतत राहतं.

आणि इन्सुलिन म्हणजे वाढीचा हुकूम. बाळाच्या अंगावर, विशेषतः खांद्यांवर आणि पोटावर, चरबी चढते. बाळंतपणात डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो. कोणत्याही सुईणीला विचारा, तिला घाम फुटवणारा प्रसंग कुठला, तर ती हाच सांगेल. बरं, बाळ सुखरूप बाहेर आलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, नाळ कापली. नाळ कापली म्हणजे आईकडची साखर तत्क्षणी बंद. बाळाच्या रक्तातलं इन्सुलिन मात्र अजून चढलेलंच. म्हणून पेढे वाटायला काढलेले असतात आणि तिकडे त्या गुटगुटीत बाळाची साखर घसरत असते, ते थरथरायला लागतं.

आता या सगळ्यात सरासरी कुठे आली? दुपारी श्रीखंड-पुरीचं जेवण झालं, आईची साखर तासाभरात १९० झाली. बाळाने ती तेव्हाच घेतली आणि तेव्हाच इन्सुलिन सोडलं. आई रात्री नुसती भाजी-भाकरी खाऊन झोपली आणि पहाटे तिची साखर ७० झाली. कागदावर या दोन आकड्यांची सरासरी १३० येते. पण पहाटेच्या ७० ने दुपारचे १९० पुसले जातात का? बाळाच्या स्वादुपिंडाला ती बेरीज-वजाबाकी कोण शिकवणार?

तरीही ती तीन महिन्यांची तपासणी आपण जरा जवळून बघू. तिची निंदा करायची म्हणून नाही, ती खरोखर सुंदर तपासणी आहे म्हणून. तिचं कागदावरचं नाव एचबीए१सी. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं. रक्तातली साखर त्याला चिकटते. कुठलंही एन्झाइम नाही, कुणाची मध्यस्थी नाही, नुसती हळूहळू चिकटत राहते. साखर जितकी जास्त, तितकं चिकटलेलं हिमोग्लोबिन जास्त. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्या दिवसांचा हा हिशेब तिच्या पोटात साठतो. मधुमेह्यांच्या रक्तात हे निराळं हिमोग्लोबिन वाढलेलं असतं, हे १९६८ साली तेहरान विद्यापीठात सॅम्युएल रहबर यांच्या लक्षात आलं. ते शोधत होते हिमोग्लोबिनचे आनुवंशिक प्रकार, आणि सापडलं हे. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत साऱ्या जगाचा मधुमेह याच एका टक्केवारीवर मोजला जाऊ लागला.

विजेचं बिल येतं ना घरी, तसं हे समजा. महिन्यात किती युनिट जळली, ते चोख कळतं. पण कुठल्या दिवशी, किती वाजता लोड वाढून फ्यूज उडाला, ते बिलावर छापलेलं नसतं. आपल्याला, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या पन्नाशीच्या पुढच्या माणसांना, बिल पुरतं. डोळे, मूत्रपिंड, नसा यांचं नुकसान वर्षानुवर्षांच्या एकूण साखरेने होतं. गर्भाकडे वर्षं नाहीत. गरोदरपणातला मधुमेह बहुधा सहाव्या महिन्याच्या सुमारास कळतो. हातात राहतात बारा-पंधरा आठवडे. मागच्या दोन-तीन महिन्यांचं बिल हातात येईस्तोवर बाळंतपणाची तारीख दाराशी आलेली असते.

ही झाली पहिली अडचण. दुसरी तिच्याहून खोल आहे. ज्या पेशीच्या आयुष्यावर हा हिशेब बेतलेला, ते आयुष्यच गरोदरपणात बदलतं. शरीर भराभर नव्या तांबड्या पेशी तयार करतं, जुन्या लवकर निकालात निघतात. नव्या पेशीला साखर चिकटायला दिवस मिळालेले नसतात. त्यामुळे साखर तेवढीच असूनही आकडा खाली येतो. ‘पाच पूर्णांक दोन! छान आहे!’ म्हणून मुलगी घरी जाते.

आणि मग आपल्याकडची तिसरी अडचण, रक्तक्षय, म्हणजेच पांडुरोग. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त! शरीरात लोह कमी असलं की हाच आकडा साखर न वाढताही वर चढतो. ब-१२ कमी असलं तरी तसंच. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की तो पुन्हा उतरतो. म्हणजे एकीकडून गरोदरपण आकडा खाली ओढतं, दुसरीकडून पांडुरोग वर ओढतो. या रस्सीखेचीतून जो आकडा माझ्या मशीनवर उमटतो, तो साखरेचा किती आणि लोहाचा किती, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मी छापून देते, सही करते, पण सांगू शकत नाही.

नंदुरबार, गडचिरोली या भागांत काम करणाऱ्या डॉक्टरांपुढे तर आणखी एक पेच असतो, सिकलसेलचा. ज्या बाईला आई आणि बाप दोघांकडून सिकलचा दोष आला आहे, तिच्या रक्तात नेहमीचं हिमोग्लोबिनच नसतं, मग त्याला चिकटलेली साखर कसली मोजायची? ज्यांच्यात तो अर्धा आहे, त्यांच्यात मशीन कुठल्या पद्धतीचं यावर उत्तर अवलंबून. अशा वेळी रिपोर्टावर दशांश चिन्हासकट आकडा येतो आणि दशांश चिन्ह पाहिलं की माणसाचा विश्वास बसतो. दशांश चिन्हाइतकं फसवं चिन्ह छापखान्यात दुसरं नसेल.

मग ही तपासणी गरोदरपणात करूच नये का? तसं नाही. एका वेळी ती हुकमी कामाची आहे, अगदी सुरुवातीला. पहिल्या तपासणीलाच ती ६.५ किंवा वर आली, तर हा मधुमेह गरोदरपणाने आणलेला नव्हे, तो आधीचाच, न कळलेला. आणि ज्या मुलीला आधीपासून मधुमेह आहे, तिने दिवस राहण्यापूर्वी ही तपासणी करून आकडा उतरवावा, हे मी कानीकपाळी ओरडून सांगते. बाळाचं हृदय, मणका, मेंदूची नळी यांची घडण पहिल्या सात-आठ आठवड्यांत होते. पाळी चुकली, घरी सांगितलं, डॉक्टरकडे गेली, एवढं होईपर्यंत घडण उरकलेली असते. तिथे सरासरीला अर्थ आहे, कारण त्या आठवड्यांत साखर एकूण किती चढलेली होती, याच्याशी बाळातल्या व्यंगाचा संबंध आहे. आपल्याकडे लग्नाआधी पत्रिका बघतात. असो, त्या वादात मी शिरत नाही.

तर तीन महिन्यांचं जमत नाही म्हणून शास्त्रज्ञांनी आखूड मुदतीचे हिशेब शोधले. फ्रुक्टोसामाइन म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर, ती दोन-तीन आठवड्यांचं सांगते. पण गरोदरपणात रक्तातला पाण्याचा अंश जवळजवळ दीडपट होतो, प्रथिनं पातळ होतात आणि आकडा खोटा खाली दिसतो. यावर उपाय म्हणजे साखर चिकटलेल्या अल्ब्युमिनचं एकूण अल्ब्युमिनशी प्रमाण काढायचं. अंश आणि छेद दोन्ही सारखेच पातळ झाले की भागाकार बिघडत नाही. त्याला ग्लायकेटेड अल्ब्युमिन म्हणतात. जपानमध्ये हे नेहमीच्या वापरात आहे आणि लोह कमी असलं तरी त्याला विशेष बाधा येत नाही. आपल्या बायकांसाठी हे फार सोयीचं ठरेल, असं मला वाटतं. पण लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, बाई फार स्थूल असली, की तेही डगमगतं. आणखी एक लांबलचक नावाचा पदार्थ आहे, १,५-अनहायड्रोग्लुसिटॉल. तो उलटा चालतो: साखर चढली की हा उतरतो. बाकी रुग्णांत छान, पण गरोदरपणात मूत्रपिंडं थोडी साखर तशीही सोडून देतात, त्यामुळे त्याचा पायाच ढासळतो. याच कारणाने लघवीत साखर आली म्हणून गरोदर बाईला मधुमेह ठरवायचा नसतो. पूर्वी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवी उकळून वीटकरी रंग आला की घरात रडारड व्हायची. त्यातल्या कितीतरी बायका ठणठणीत असणार.

शेवटी वळून वळून आपण कुठे येतो? बोटाच्या टोकाशी. एक थेंब, एक पट्टी. उपाशीपोटीची साखर ९५ च्या खाली, जेवणानंतर तासाने १४० च्या खाली, दोन तासांनी १२० च्या खाली. मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे सगळे आकडे त्याच मापाचे. यात तासाचा आकडा का महत्त्वाचा, याचा एक सुबक पुरावा १९९५ साली अमेरिकेतून आला. गरोदरपणातल्या मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या ६६ बायका घेतल्या. निम्म्यांनी जेवणाआधीची साखर बघून इन्सुलिन ठरवायचं, निम्म्यांनी जेवणानंतर तासाने बघून. जेवणानंतर बघणाऱ्यांची बाळं कमी फुगली, जन्मल्यावर त्यांची साखर कमी वेळा घसरली, आईच्या पोटावर सुरीही कमी वेळा चालली. चाचणी छोटी, ६६ च बायका, पण पेडरसन यांनी जे सांगितलं होतं त्याच्याशी ती नेमकी जुळते. इंजेक्शन तेच, बाई तशीच, फक्त रक्त कधी बघायचं ती वेळ बदलली!

आता दंडावर चिकटवायचे सेन्सरही आले आहेत. ते कातडीखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजतात. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या गरोदर बायकांवरची कन्सेप्ट नावाची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात सेन्सर लावलेल्यांची बाळं चांगली निघाली. तिथे सरासरी मागत नाहीत, मागतात ते हे: दिवसातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ साखर ६३ ते १४० मध्ये राहिली का? ज्यांना परवडेल त्यांनी जरूर वापरावेत. सभागृहाबाहेरच्या बहुतेकांना परवडणार नाहीत, म्हणून मी पट्टीवरच राहते.

इथे एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. हे ९५, १४०, १२०, किंवा निदानाचे ९२ आणि १५३, हे आकडे आले कुठून? निसर्गाने आखलेली रेघ आहे का ती?

मुळीच नाही. गंमत ऐका. १९६४ साली बॉस्टनमध्ये जॉन ओसलिव्हन आणि क्लेअर महान यांनी ७५२ गरोदर बायकांच्या साखरेवरून पहिल्या मर्यादा ठरवल्या. कशासाठी? तर आईला पुढे मधुमेह होईल का, हे ओळखण्यासाठी. बाळाचा त्या हिशेबात पत्ताच नव्हता! आणि त्याच मर्यादा, थोड्याफार फेरफाराने, बाळाच्या भल्यासाठी म्हणून जगभर चाळीस वर्षं वापरल्या गेल्या. मग २००८ मध्ये हॅपो नावाचा मोठा अभ्यास आला. नऊ देश, तेवीस हजारांवर बायका. आईची साखर किती आणि बाळाचं काय होतं, असा सरळ प्रश्न. उत्तरही सरळ आलं: साखर जसजशी चढते तसतसा धोका चढतो, आणि मध्ये कुठेही पायरी नाही. अमुक आकड्याखाली निर्धास्त आणि वर संकट, असा कडा सापडलाच नाही. नुसती चढण.

चढणीवर रेघ कुठे मारायची? त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे तज्ज्ञ जमले आणि पुढे ठरवलं की सरासरी बाईच्या मानाने धोक्याची शक्यता पावणेदोनपट होते तिथे रेघ मारू. त्यातून आले उपाशीपोटी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३. पावणेदोनच का? दीडपट का नाही? दुपटीवर का नाही? दुपटीवर मारली असती तर लाखो बायका एका दिवसात बऱ्या झाल्या असत्या, एक गोळी न घेता. मी याची चेष्टा करत नाही. कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण ९१ वाल्या सुनेला ‘तुला काही नाही’ आणि ९२ वाल्या सुनेला ‘तुला मधुमेह झाला’ असं दोन वेगवेगळ्या आवाजांत सांगणं थांबायला हवं. पुढे न्यूझीलंडमध्ये चार हजारांवर बायकांवर ही रेघ आणि तिच्याहून वरची रेघ, अशा दोन्ही पडताळून पाहिल्या. २०२२ मध्ये निकाल आला: खालची रेघ वापरल्याने फुगलेल्या बाळांचं प्रमाण एकूण घटलं नाही.

आणि हॅपोच्या नऊ देशांत भारत नव्हता, हेही लक्षात ठेवा.

भारताने आपली वाट वेगळी काढली, त्याचं श्रेय चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांना. त्यांचा जन्मदिवस, १० मार्च, आपल्याकडे गरोदरपणातल्या मधुमेहाच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. त्यांचा युक्तिवाद अगदी घरगुती होता: गरोदर बाईला दहा तास उपाशी ठेवून, वीस किलोमीटरवरून बोलावून, तीनदा रक्त काढणं आपल्या देशात होणार नाही. तेव्हा ती आली की, जेवली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज द्या, दोन तासांनी रक्त घ्या, १४० किंवा वर म्हणजे मधुमेह. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना याच पद्धतीच्या आहेत: पहिल्या भेटीला एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा एकदा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात ९ तारखेला जाऊन हे बघा. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस असतो. व्हरांड्यात बाकं. सिस्टर पाकीट फोडून पेल्यात ओततात, ३०० मिलीलिटर पाणी, चमच्याने ढवळतात, आणि पाच-दहा मिनिटांत संपव म्हणतात. एवढं गोड पाणी, पोटात आधीच मळमळ, बाहेर ऊन. एखादी अर्ध्यातच तोंडाला पदर लावून मोरीकडे धावते. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली की ती तपासणी बाद, उद्या परत ये. उद्या? उद्याची मजुरी कोण देणार? जी टिकते ती दोन तास बसते. मध्येच कुणीतरी तिला चहा-बिस्कीट आणून देतं, मायेनेच देतं, आणि तपासणी वाया जाते. सव्वाबाराची एसटी चुकेल म्हणून कुणी दीड तासातच बोट पुढे करते. हे सगळं सांभाळून आशाताई आणि सिस्टर ज्या चिकाटीने एकेक नाव वहीत उतरवतात, त्याला माझ्या लॅबमधल्या लाखो रुपयांच्या मशीनने नमस्कार करावा.

या पद्धतीत उणीव नाही असं नाही. चेन्नईतल्याच इतर संशोधकांनी दाखवून दिलं की ज्यांची फक्त उपाशीपोटीची साखर चढलेली असते, अशा बायका हिच्यातून निसटतात. माझं मत विचाराल तर, जिथे उपाशीपोटी बोलावणं शक्य आहे, त्या शहरांत पूर्ण तपासणीच करावी. पण खेड्यात निर्दोष तपासणीची वाट बघत काहीच न करण्यापेक्षा हा एक थेंब हजारपट बरा.

आता माझ्या खास हद्दीतली एक गोष्ट. ती कुणी सांगत नाही, कारण ती कंटाळवाणी आहे. रक्त काढलं आणि नळीत भरलं, की ते मेलेलं नसतं. नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के. ती थांबवायला राखाडी बुचाच्या नळीत सोडियम फ्लोराइड घातलेलं असतं, पण त्याला पुरता जम बसवायला काही तास जातात, तोवर खाणं चालूच. सकाळी आठला शिबिरात रक्त घेतलं, पिशवीत टाकलं, पिशवी मोटारसायकलच्या डिकीत, आणि ते साडेअकराला लॅबमध्ये. जिची साखर खरं तर ९६, तिची ९० येते. आणि निदानाची रेघ ९२ वर! हॅपोमध्ये नळ्या बर्फात ठेवून लगेच फिरवत होते, तिथली रेघ आपण आणली, बर्फ मात्र आणला नाही. बोटाच्या थेंबाचा इथे फायदा असतो, त्याला प्रवास नाही. पण ग्लुकोमीटरला १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ असते, आणि रक्त कमी असलेल्या बाईत तो साखर थोडी जास्तच दाखवतो. पुन्हा पांडुरोग! कुठूनही निघा, या देशात वाट तिथूनच जाते.

आता आपल्या पुण्याचं सांगते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. तिथलं नवजात बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं साडेतीनचं. पण कातडीखालची चरबी मोजली तर आपल्या बाळाने ती बरीच राखलेली. कमी पडले ते स्नायू. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं. याचा आपल्या विषयाशी संबंध थेट आहे. ‘बाळ मोठं दिसत नाही, म्हणजे साखर काबूत आहे’ हा हिशेब युरोपातल्या बाळांवर बसवलेला. आपल्याकडे तीन किलोचं बाळसुद्धा साखरेवर पोसलेलं असू शकतं. म्हणून बाळाच्या वजनाकडे बघून आईच्या रक्ताची तपासणी सैल करायची नाही. त्याच अभ्यासात पुढे दिसलं की ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं होती. तेव्हा गरोदरपणातलं रक्त वाचताना साखरेबरोबर ब-१२ आणि लोहही मांडीला मांडी लावून बसवलं पाहिजे. या तीन तपासण्या वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर, वेगवेगळ्या डॉक्टरांकडून येतात, आणि एकमेकींना कधी भेटतच नाहीत.

शेवटचा मुद्दा बाळंतपणानंतरचा, आणि इथे आपण सगळेच ढिले पडतो. बाळ झालं, आईची साखर उतरली, मशीन कपाटात गेलं. पण जिला गरोदरपणात मधुमेह होता, तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता, तो नसलेल्या बाईच्या मानाने सुमारे दहापट. ओसलिव्हन बॉस्टनमध्ये नेमकं हेच शोधत होते, आणि आपण बाळाच्या नादात ते विसरलो. सूचना अशी आहे की बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅमची तपासणी पुन्हा करायची, या वेळी उपाशीपोटी. इथेही पुन्हा कुणीतरी तीन महिन्यांची शुगर सुचवतं. बाळंतपणात रक्त गेलेलं, लोहाच्या गोळ्या चालू, पेशी सगळ्या कोवळ्या. त्या आकड्यात काय वाचणार?

पण सहा आठवड्यांनी बाई येते कुठे? माहेरी असते, सव्वा महिना नुकताच उलटलेला, रात्री जागरण, स्वतःच्या रक्तासाठी ती येणार नाही. बाळासाठी मात्र येते. दीड महिन्याच्या लसीला ती पाऊस असो, ऊन असो, बाळ दुपट्यात गुंडाळून येतेच. तोच दिवस, तेच केंद्र, त्याच सिस्टर. बाळाच्या मांडीत सुई जाते तेव्हाच आईच्या बोटातून पहिला थेंब घ्यायचा, तिला पेला द्यायचा, आणि लस दिल्यावर बाळाला ताप-रिॲक्शन येते का ते बघायला अर्धा तास बसवतोच, तो पुढे वाढवून दोन तासांचा करायचा. बाळाच्या लसीच्या कार्डावर आईसाठी एक ओळ जास्त छापायची. आणि आदल्या संध्याकाळी आशाताईने फोन करून एवढंच सांगायचं: उद्या सकाळी काही खाऊन येऊ नकोस, चहासुद्धा घेऊ नकोस, पाणी चालेल, आणि बाळाला अंगावर पाजलंस तरी चालेल.